डॉक्टर होणारी मुले आणि आपला व्यायाम
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरच्या कोणी विदुषी बोलवाव्यात आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकावे, अशी आपल्या मंडळाची आजवरची रीत आहे. यंदा कार्यकारिणीने ठरविले की सभासदांपैकीच एकीने उभे राहावे, आणि तो मान माझ्याकडे आला. माझे शिक्षण सातवी इयत्तेपर्यंतचे. पुस्तकी पांडित्य माझ्याजवळ नाही. परंतु गेली अकरा वर्षे मेडिकल कॉलेजची मुले-मुली माझ्या घरी दोन वेळा जेवायला येतात. पाने वाढता वाढता त्यांचे बोलणे कानांवर पडते, आणि जे समजत नाही ते विचारून घेण्याची मला लाज वाटत नाही. या अकरा वर्षांत जे पाहिले आणि विचारून घेतले, तेच आज आपल्यापुढे मांडणार आहे.

विषय ऐकून काहीजणींच्या मनात येईल की, डॉक्टर होणारी मुले व्यायाम करतात की नाही, याच्याशी आपल्याला काय कर्तव्य? कर्तव्य आहे, आणि अगदी जवळचे आहे. आज जी मुले माझ्याकडे बसून आमटी-भात कालवीत आहेत, तीच चार-पाच वर्षांनी दवाखान्यातल्या खुर्चीवर बसणार आणि आपल्यापैकी कोणाची साखर तर कोणाचा रक्तदाब तपासणार. गोळी कोणती द्यायची हे त्यांना पुस्तक शिकवील. पण रोग्याला चालायला सांगायचे की नाही, आणि सांगायचे तर कसे, हे बरेचसे त्यांच्या आजच्या सवयींशी जोडलेले असते. हे मी मनचे बोलत नाही. त्याला आधार आहे, तो पुढे सांगते.

आधी आपली स्थिती पाहू. २०२३ साली आपल्या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे भारतात सुमारे दहा कोटी माणसांना मधुमेह आहे. पुढच्या वर्षी, म्हणजे २०२४ साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी देशोदेशींचा हिशेब मांडला. त्यात असे निघाले की २०२२ साली भारतातील प्रौढ माणसांपैकी जवळजवळ निम्म्यांची हालचाल पुरेशी नव्हती. पुरुषांत हे प्रमाण शंभरात सुमारे ४२, आणि बायकांत ५७. भगिनींनो, दिवसभर राबतो असे आपण म्हणतो, आणि हालचालीच्या हिशेबात मात्र पुरुषांच्या मागे आहोत. याचे कारण काय, तेही पुढे पाहू.

आता त्या मुलांकडे वळते.

पहिल्या वर्षाला येणारी मुले शरीररचना शिकतात. माणसाच्या अंगात २०६ हाडे असतात, कोणता स्नायू कोणत्या हाडाला कोठे चिकटतो, तो आखडला की कोणता सांधा हलतो, हे सारे त्यांना तोंडपाठ असते. जेवता जेवता ती एकमेकांना विचारीत असतात. परंतु ज्या स्नायूंची नावे पाठ केली ते त्यांचे स्वतःचे स्नायू मात्र सकाळी नऊपासून व्याख्यानाच्या बाकावर, दुपारी प्रयोगशाळेतल्या स्टुलावर आणि रात्री वाचनालयाच्या खुर्चीवर असतात. परीक्षा जवळ आली की माझ्या घरापर्यंतचे चार मिनिटांचे चालणेही बंद होते, आणि "काकू, डबा पाठवा" असा निरोप येतो. तिसऱ्या वर्षापर्यंत काहींची पोटे सुटलेली दिसतात. इंटर्न झाले की रात्रपाळ्या सुरू होतात. मग झोपेलाच वेळ नाही, तर व्यायामाला कोठून असणार?

सगळेच असे आहेत असे मात्र नाही. पहाटे उठून धावणारा एखादा असतो. बॅडमिंटनच्या जाळीपाशी संध्याकाळ घालविणाऱ्या दोघी-तिघी असतात. कॉलेजचे स्नेहसंमेलन आले की आठ दिवस सारेच क्रिकेट खेळतात आणि नवव्या दिवशी अंग धरले म्हणून माझ्याकडे हळद-दूध मागतात. पण नियमाने, वर्षभर व्यायाम करणारी मुले थोडी, आणि मुली त्याहून थोड्या. मुलींना मी कारण विचारले. एक म्हणाली, मैदानावर मुलांचीच वर्दळ असते. दुसरी म्हणाली, अंधार पडल्यावर बाहेर फिरायचे तर घरून फोनवर ओरडा बसतो. तिसरी म्हणाली, "काकू, दहावीनंतर मी कधी धावलेच नाही. आता धावायला लाज वाटते."

हे तिसरे उत्तर माझ्या मनाला लागले, कारण त्याचे मूळ कॉलेजात नाही, घरात आहे. मुलगी किंवा मुलगा हुशार निघाला, डॉक्टर करायचे ठरले, की घरोघरी पहिली कुऱ्हाड पडते ती खेळावर. अकरावी-बारावीची दोन वर्षे आणि नीट परीक्षेचा क्लास. कबड्डी बंद, पोहणे बंद, सायकलही बंद, कारण क्लासला बाबा स्कूटरवरून सोडतात. एका वर्षात नंबर लागला नाही तर आणखी एक वर्ष तसेच. सोळा ते एकोणीस हे वय शरीर घडण्याचे. त्या वयात ज्याला खुर्चीची सवय लागली, तो पुढे पांढरा कोट घातल्यावर आपोआप मैदानावर जाईल ही आशा व्यर्थ आहे. तेव्हा "आजकालच्या डॉक्टरांना व्यायामाचे महत्त्व नाही" असे म्हणताना, त्यांच्या हातून खेळ कोणी काढून घेतला, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

आता तो आधार सांगते. माझ्याकडे जेवणाऱ्या एका मुलीला कॉलेजात याच विषयावर निबंध करायचा होता. ती रोज रात्री काही वाचून येई आणि मी पोळ्या लाटीत असताना मला मराठीत समजावून सांगे. तिच्या तोंडून ऐकलेल्या चार गोष्टी मला फार मोलाच्या वाटल्या.

पहिली गोष्ट लंडनची. डॉ. जेरेमी मॉरिस यांनी तेथील दुमजली बसगाड्यांवर काम करणाऱ्या माणसांचा अभ्यास केला. तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. एकाच गाडीवर दोघे काम करीत, एक ड्रायव्हर आणि एक कंडक्टर. ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर तिकिटे देत दिवसभर वरखाली जिना चढून-उतरून. हृदयविकार ड्रायव्हरांत अधिक आणि कंडक्टरांत कमी आढळला. हालचालीचा आणि हृदयाचा संबंध जगापुढे ठळकपणे आला तो येथून. हे डॉक्टर स्वतः व्यायाम करणारे होते. म्हातारपणीही त्यांनी पोहणे-चालणे सोडले नाही, आणि ९९ वर्षांचे होऊन २००९ साली ते वारले. व्यायाम करणारा प्रत्येकजण इतका जगेल असे मी म्हणत नाही. पण सांगणारा स्वतः करीत होता, एवढे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट अमेरिकेची. डॉ. एरिका फ्रँक या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील १६ मेडिकल कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या वेळी, वॉर्डात जाण्याच्या वेळी आणि शेवटच्या वर्षी प्रश्न विचारले. तुम्ही स्वतः व्यायाम किती करता, आणि रोग्याला व्यायामाचा सल्ला देणे तुम्हांला कितपत महत्त्वाचे वाटते? २००८ साली त्यांनी निष्कर्ष छापला. जे स्वतः व्यायाम करीत त्यांना असा सल्ला देणे अधिक महत्त्वाचे वाटे, आणि ते तो अधिक वेळा देत. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशातही २००६ साली मेडिकलच्या विद्यार्थ्यांची अशीच पाहणी झाली. तेथेही चांगल्या सवयी आणि सल्ला देण्याची तयारी ही दोन्ही बरोबर चाललेली दिसली. मात्र त्या मुलीने मला बजावले की, "काकू, एकामुळेच दुसरे झाले असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. ज्याला मुळातच आवड, तो दोन्ही करीत असेल." तिचे हे म्हणणे मला प्रामाणिक वाटले, म्हणून तेही सांगितले.

तिसरी गोष्ट मला सर्वांत गमतीची वाटली. याच फ्रँकबाईंनी अटलांटा शहरात एका डॉक्टरीणबाईंच्या दोन चित्रफिती केल्या आणि दवाखान्यात थांबलेल्या रोग्यांना दाखविल्या. दोहोंत आहार-व्यायामाचा सल्ला तोच. फरक एवढाच की एका चित्रफितीत ती डॉक्टरीण जेमतेम अर्धा मिनिट स्वतःच्या खाण्याविषयी आणि व्यायामाविषयी बोलते, आणि तिच्या टेबलावर एक सफरचंद व सायकल चालविताना घालायचे शिरस्त्राण ठेवलेले दिसते. २००० साली याचा निष्कर्ष छापून आला. ज्यांनी सफरचंदवाली चित्रफीत पाहिली, त्यांना ती डॉक्टरीण अधिक विश्वासाची आणि अधिक उत्साह देणारी वाटली. अर्ध्या मिनिटाचा हा फरक!

आपल्याला हे नवीन नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नेमाने सूर्यनमस्कार घालीत, आणि मग त्यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून ते सुरू केले. राजाच नमस्कार घालतो म्हटल्यावर मुलांनी कुरकुर करायची ती कोणत्या तोंडाने?

चौथी गोष्ट न्यूझीलंडची. तेथे १९९८ सालापासून डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीसारखी व्यायामाची चिठ्ठी लिहून देतात. तिला हिरवी चिठ्ठी म्हणतात. नुसते तोंडाने सांगण्यापेक्षा सांगून वर लिहून दिले, तर अधिक माणसे व्यायामाला लागतात, असे तेथील पाहणीत दिसून आले.

ही हिरवी चिठ्ठी ऐकली आणि मला माझ्या जाऊबाईंची गोष्ट आठवली. जाऊबाईंना मधुमेह. सहा वर्षे त्या वेगवेगळ्या दवाखान्यांत जात होत्या. दरवेळी कागद बघून डॉक्टर म्हणत, "गोड कमी करा, व्यायाम करा," आणि पुढच्याला हाक मारीत. जाऊबाई घरी येऊन म्हणत, "व्यायाम करा म्हणे. मी काय आता जोर-बैठका काढू? दिवसभर घरात राबते तो काय आराम आहे?" दोन वर्षांमागे मोठ्या दवाखान्यात त्यांना एक इंटर्न भेटला. पोरसवदा. त्याने कागद बाजूला ठेवून विचारले, "मावशी, सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा." मग रात्रीचे जेवण किती वाजता होते, घराबाहेर उजेडाचा रस्ता आहे का, गुडघे दुखतात का, पायात काय घालता, असे एकेक विचारले. जाऊबाई देवळात अनवाणी चालत जात. तो म्हणाला, "साखर असताना अनवाणी चालायचे नाही. पायाला लागलेले समजत नाही आणि जखम चिघळते. रोज रात्री तळपाय बघायचे." आणि केसपेपरच्या मागे मराठीत लिहून दिले: सकाळी न्याहारीनंतर १० मिनिटे आणि रात्री जेवणानंतर १० मिनिटे चालणे. दर आठवड्याला दोन मिनिटे वाढविणे. पायात पट्ट्याच्या, न घसरणाऱ्या चपला. दीड महिन्याने दाखविणे.

जाऊबाईंनी तो कागद गोळ्यांच्या डब्याला चिकटवून ठेवला आणि गोळीइतक्याच नेमाने पाळला. त्यांची गोळी सुटली नाही. सुटली असे सांगितले तर ते खोटे होईल. पण वाढवावी लागणार होती ती वाढली नाही, साखर आटोक्यात आली, आणि जिना चढताना लागणारी धाप कमी झाली. मागाहून कळले की तो मुलगा रोज पहाटे धावणारा होता. म्हणूनच त्याला चपलांचे सुचले, रस्त्याच्या उजेडाचे सुचले, आणि पहिल्याच दिवशी अर्धा तास सांगितला तर बाई चौथ्या दिवशी सोडून देईल हेही कळले. जो स्वतः वाटेने चालला आहे त्याला वाटेतले खड्डे ठाऊक असतात.

मग बाकीचे डॉक्टर असे का सांगत नाहीत? हाही प्रश्न मी पंगतीत विचारला. उत्तरे सरळ आली. ओपीडीबाहेर रांग असते आणि एकेकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात. परीक्षेत औषधाची मात्रा विचारतात, चालण्याची मात्रा क्वचितच विचारतात. आणि एकजण मान खाली घालून म्हणाला, "काकू, मी स्वतःच तीन जिने लिफ्टने जातो. पेशंटला कोणत्या तोंडाने सांगू?"

यावर मी त्याला जे म्हटले ते आपल्यालाही सांगते. स्वतः करीत नाही म्हणून सांगायचेच नाही, हे बरोबर नव्हे. मग दिवसभर ड्यूटी करून दमलेल्या कोणत्याच डॉक्टरला तोंड उघडता येणार नाही. तो जर म्हणाला की, "ताई, मलाही जमत नाही हो, चला, आपण दोघेही या सोमवारपासून सुरू करू," तर रोग्याला ते अधिक आवडेल. लपविण्यापेक्षा सांगणे बरे, आणि सांगण्याबरोबर थोडे करणे त्याहून बरे.

परंतु भगिनींनो, दोष सगळा त्यांच्या पदरात टाकून चालणार नाही. एका मुलाने मला स्पष्टच सांगितले, "काकू, पेशंटला गोळी दिली नाही, नुसते चालायला सांगितले, तर तो बाहेर जाऊन म्हणतो, या डॉक्टरने काही दिलेच नाही." हे खरे आहे की नाही? जो सुई टोचतो, सलाईन लावतो, तो मोठा डॉक्टर, आणि जो पाच मिनिटे बसवून चालण्याविषयी बोलतो तो वेळ घालविणारा, असा आपल्याकडे समज आहे. गिऱ्हाईक जे मागते तेच दुकानात राहते. आपण चालण्याची चिठ्ठी मागू लागलो, तर डॉक्टर ती द्यायला शिकतील.

आता घरकामाचा प्रश्न. आमच्या आज्यांच्या दिवसात विहिरीचे पाणी ओढणे, जात्यावर दळणे, उखळात कांडणे, नदीवर धुणे हे सर्व होते. त्या कामाने छाती भरून येई आणि घाम फुटे. आज ओट्याशी उभे राहून आपण मिक्सर फिरवितो, धुणे यंत्रात टाकतो, दळण गिरणीतून येते. पाठ दुखते, पाय भरून येतात, थकवा येतो हे अगदी खरे. पण थकणे वेगळे आणि व्यायाम होणे वेगळे. जोर लावून फरशी पुसणे, पाण्याचे हंडे वाहणे हे हिशेबात धरता येते. पोळ्या लाटणे आणि भाजी निवडणे धरता येत नाही. बायकांचा आकडा ५७ वर गेला त्यात याचाही वाटा आहे. आणि दुसरे असे की पुरुष संध्याकाळी "जरा फिरून येतो" म्हणून पायात चपला घालू शकतो. बाईने तसे म्हटले तर स्वयंपाक कोण करणार?

किती व्यायाम करायचा, याविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे सांगितले ते सोपे आहे. आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम चालीचा व्यायाम, म्हणजे आठवड्याचे पाच दिवस धरले तर रोज अर्ध्या तासापासून पुढे. मध्यम चाल कशी ओळखावी? चालताना शेजारणीशी बोलता येते, पण ओवी गाता येत नाही, ती मध्यम चाल. ओवी गाता आली तर चाल वाढवावी, बोलताही येईना तर कमी करावी. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असे काही करावे. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, किंवा भिंतीला हात लावून जोर काढणे, एवढ्यापासून सुरुवात करता येते. पूर्वी सलग दहा मिनिटे चालले तरच मोजावे असे म्हणत. ती अट आता काढून टाकली आहे. जिना चढलात, कोपऱ्यावरून भाजी आणलीत, तेही मोजा. अजिबात नसण्यापेक्षा थोडे केव्हाही बरे.

हे का उपयोगी पडते, तेही मुलांकडून समजून घेतले. स्नायू काम करू लागला की तो रक्तातली साखर स्वतःकडे ओढून घेतो आणि जाळतो. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तर जेवणाने चढणारी साखर कमी चढते. हाडांवर भार पडला की हाडे मजबूत राहतात, आणि पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे ठिसूळ होतात, त्या वेळी याचा फार आधार असतो. मात्र जिच्या छातीत चालताना दुखते, घाम येऊन चक्कर येते, तिने थांबावे आणि आधी डॉक्टरला दाखवावे. इन्सुलिन घेणारीने जवळ साखर किंवा गोळ्या-बिस्किटे ठेवल्याशिवाय फिरायला जाऊ नये.

व्यायाम म्हणजे काही परके नाही. श्रावणातल्या मंगळागौरीचे खेळ आठवा. फुगडी, बसफुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा. रात्रभर जागून आपल्या आया ते खेळत. आज अर्धा तास बसफुगडी घालून पाहा, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या साक्ष देतील. आपल्या मंडळाजवळ दिवाणखाना आहे, सतरंज्या आहेत, आणि दर गुरुवारी पंचवीस-तीस बायका जमतात. कमी काय आहे?

शेवटी मुलांसाठी काय करता येईल ते सांगते. वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली मेडिकल कॉलेज काढले. तेथे नव्या मुलांना आधी गांधीजींच्या आश्रमात शिबिराला ठेवण्याची प्रथा आहे. त्यात श्रमदान असते, सफाई असते, सूतकताई असते. मुलांना खेड्यातल्या कुटुंबांशी जोडून देण्याची रीतही तेथे जुनी आहे. देशाच्या इतर कॉलेजांतही २०१९ सालच्या नव्या अभ्यासक्रमाने सुरुवातीच्या पाठांत खेळाला तास दिले, आणि २०२२ सालापासून एमबीबीएसच्या मुलांना खेड्यातील काही कुटुंबे नेमून दिली जातात. मुले त्या घरी जातात, वजन-रक्तदाब पाहतात, प्रश्न विचारतात. अशा वेळी घरातल्या बाईने "बाळ, चालायचे किती ते लिहून दे" असे म्हटले, तर त्या मुलाचाही अभ्यास होईल आणि तिचेही काम होईल.

म्हणून मी मंडळापुढे तीन सूचना ठेवते.

एक. आपल्यापैकी प्रत्येकीने पुढच्या वेळी दवाखान्यात गेल्यावर तीन प्रश्न विचारावेत. मी किती चालू, केव्हा चालू, आणि काय टाळू? आणि उत्तर कागदावर लिहून मागावे. डॉक्टर रागावणार नाहीत. रागावलेच, तर "मंडळाने सांगितले आहे" म्हणून माझ्याकडे बोट दाखवावे.

दोन. दर गुरुवारच्या सभेआधी अर्धा तास मंगळागौरीचे खेळ किंवा चालणे ठेवावे, आणि त्याला मेडिकल कॉलेजच्या मुलींना बोलवावे. त्यांना अंधारात एकटीने फिरण्याची भीती वाटते, आपल्याला कोणी सोबत नाही म्हणून निघवत नाही. दोघींची अडचण एकमेकींनी सुटेल. त्या आपला रक्तदाब पाहतील, आपण त्यांना फुगडी शिकवू. आणि उद्या डॉक्टर झाल्यावर बाई-रोग्याला व्यायाम सांगताना त्यांना आपली घरे, आपली ओटा-शेगडी आणि आपले दुखरे गुडघे आठवतील. हे शिक्षण त्यांना कोणत्याही वर्गात मिळणार नाही.

तीन. ज्यांच्या घरी अकरावी-बारावीची मुले आहेत, त्यांनी रोजचा एक तास खेळ तोडू नये. मूल डॉक्टर होवो वा न होवो, शरीर त्याला जन्मभर वापरायचे आहे. आणि डॉक्टर झालेच, तर तो खेळलेला तास पुढे हजारो रोग्यांच्या उपयोगी पडेल.

माझ्या बोलण्यात काही अधिक-उणे झाले असेल तर मोठ्या मनाने क्षमा करावी. दुसरी सूचना आजच्या सभेतच मंजूर करावी, अशी माझी अध्यक्षीणबाईंना विनंती आहे. मुलींना निरोप देण्याचे काम मी अंगावर घेते, कारण उद्या सकाळी त्या जेवायला माझ्याकडेच येणार आहेत.